घर तेंच, मांडणी निराळी

गेल्या कांहीं महिन्यांत ह्या सदराकडे आलेल्या पत्रांपैकीं बरींच पत्रें एकाच विषयाचीं आहेत. मायक्रोसॉफ्ट कंपनीनें 'विंडोज १०' ह्या प्रणालीची सर्वसाधारण देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं थांबविली. तिच्यापुढची 'विंडोज ११' पुष्कळ जुन्या संगणकांवर सरळ चढत नाहीं. त्यामुळें अनेक घरांतील धडधाकट यंत्रें अडगळीच्या खोलींत जाण्याच्या बेतांत होतीं. अशा घरांतील तरुण मंडळींनीं त्यांवर लिनक्स ही मुक्त प्रणाली बसविली आणि यंत्रें पुन्हां कामास लागलीं. येथपर्यंत सर्व ठीक झालें. परंतु त्यानंतर घरोघरीं एक नवाच प्रश्न उभा राहिलेला दिसतो. आपल्या पडद्यावर चिन्हांची पट्टी डावीकडे आहे, शेजारच्यांच्या पडद्यावर ती खालीं आहे, जांवयांच्या यंत्रावर पट्टीच दिसत नाहीं. आणि तिघेहि "आमचें लिनक्स" असेंच म्हणतात! मग ह्या तीन निराळ्या प्रणाली, कीं एकाच प्रणालीचीं तीन रूपें? शेजारच्यांची व्यवस्था आवडली तर ती आपणांस घेतां येईल काय? आणि घेतली तर आजवर लिहिलेले कागद, मुलांचीं छायाचित्रें, हिशेबाचे तक्ते ह्यांचें काय होईल?

प्रश्न रास्त आहेत. त्यांचें उत्तर एका वाक्यांत द्यावयाचें तर असें देतां येईल कीं, घर न सोडतां मांडणी बदलतां येते. मात्र ती कोणी बदलावी आणि कोणासाठीं बदलावी, हा प्रश्न त्याहून नाजूक आहे. प्रस्तुत लेखांत दोहोंचाहि विचार करण्याचें योजिलें आहे.

प्रथम वस्तुस्थिति समजून घेऊं. फिनलंडमधील लिनस टॉरवाल्ड्स ह्या विद्यार्थ्यानें १९९१ सालीं जें लिहिलें आणि ज्यास त्याच्या नांवावरून लिनक्स म्हणतात, तें वस्तुतः प्रणालीचें केवळ मूळ आहे. यंत्राची स्मृति, तबकडी, कळफलक, छपाईयंत्र ह्यांच्याशीं व्यवहार ठेवणें हें त्याचें काम. पडद्यावर चित्र उमटविण्याचें काम त्यावरील दुसरा थर करतो. 'एक्स विंडो सिस्टिम' ह्या नांवाचा असा थर अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी ह्या संस्थेंत १९८४ सालीं जन्मास आला, आणि आतां त्याची जागा 'वेलँड' नांवाची नवी योजना घेत आहे. ह्याच्याहि वर तिसरा थर असतो, आणि आपणांस दिसतो तो हाच: खिडक्यांच्या चौकटी, त्या हलविण्याची व मिटण्याची सोय, कार्यक्रमांची यादी, घड्याळ, फाइली चाळण्याचें साधन, अक्षरांचा आकार, रंग. ह्या तिसऱ्या थरास इंग्रजींत 'डेस्कटॉप एन्व्हायर्न्मेंट' म्हणतात. आपण ह्या लेखापुरतें त्यास 'मांडणी' म्हणूं.

जे वाचक शाळेंत संस्कृत शिकले आहेत, त्यांस हा भेद सांगणें सोपें आहे. 'राम' हें प्रातिपदिक. 'रामः', 'रामेण', 'रामाय' हीं त्याचीं विभक्तिरूपें. प्रत्यय बदलला म्हणून राम दुसरा होत नाहीं. वाक्यांतील इतर शब्दांशीं त्याचा संबंध तेवढा बदलतो. त्याचप्रमाणें मांडणी बदलली तरी मूळ प्रणाली तीच राहते, आणि आपले कागद व छायाचित्रें ज्या 'होम' नांवाच्या कप्प्यांत असतात, त्या कप्प्यांतील एकाहि पानास धक्का लागत नाहीं. विंडोजमध्यें हे थर एकाच कंपनीनें एकत्र शिवून दिलेले असल्यामुळें ते निराळे आहेत हें आपल्या लक्षांतहि येत नाहीं. लिनक्समध्यें शिवण उघडी आहे; ती उसवून दुसरें अस्तर लावतां येतें.

आतां कोणी विचारील कीं, एकाच कामास इतक्या मांडण्या हव्यात कशाला? त्यामागें थोडा इतिहास आहे. १९९६ च्या ऑक्टोबरांत जर्मनींतील मथियास एट्रिख ह्या विद्यार्थ्यानें 'केडीई' ह्या मांडणीची घोषणा केली. त्या काळीं ह्या प्रणालींवरील प्रत्येक कार्यक्रमाची धाटणी निराळी असे. एका कार्यक्रमांत शिकलेली रीत दुसऱ्यांत उपयोगी पडत नसे. सर्वांस एक वळण असावें, आणि कार्यक्रम लिहिणाऱ्या तज्ज्ञापेक्षां साध्या वापरणाऱ्याची सोय आधीं पाहावी, हा त्याचा उद्देश. परंतु ही मांडणी नॉर्वेंतील एका कंपनीच्या 'क्यूट' नांवाच्या साहित्यावर उभारलेली होती, आणि त्या साहित्याचा परवाना तेव्हां पुरता मुक्त नव्हता. हें ज्यांस पटलें नाहीं, त्यांपैकीं मेक्सिकोमधील मिगेल दे इकासा आणि फेदेरिको मेना ह्यांनीं १९९७ च्या ऑगस्टांत 'ग्नोम' ही दुसरी मांडणी आरंभिली. पुढें २००० सालीं तें साहित्यहि मुक्त परवान्याखालीं आलें आणि वादाचें कारण मिटलें. पण तोंवर चुली दोन झाल्या होत्या, त्या दोनच राहिल्या. त्याच सुमारास फ्रान्समधील ऑलिव्हिए फूर्दां ह्यांनीं 'एक्सएफसीई' ही हलकी मांडणी सुरू केली. तीहि आजतागायत चालू आहे.

ह्या इतिहासांत २०११ हें साल विशेष लक्षांत ठेवण्यासारखें आहे. ग्नोमची दुसरी आवृत्ति २००२ सालीं निघाली होती. नऊ वर्षांत असंख्य लोकांचे हात तिला सरावले: वर एक पट्टी, खालीं एक पट्टी, वरच्या पट्टींत यादी, खालच्या पट्टींत उघड्या खिडक्यांचीं नांवें. ६ एप्रिल २०११ रोजीं तिसरी आवृत्ति प्रसिद्ध झाली आणि हें सर्व एकदम पालटलें. खालची पट्टी गेली, जुन्या पद्धतीची यादी गेली, खिडकी तात्पुरती मिटून ठेवण्याचें बटणहि चौकटीवरून नाहींसें झालें. सर्व कामांस वरच्या डाव्या कोपऱ्यांतील 'अ‍ॅक्टिव्हिटीज' हा एकच दरवाजा राहिला. करणाऱ्यांचा हेतु वाईट नव्हता. पडद्यावरील गर्दी कमी व्हावी आणि माणसाचें चित्त हातांतील कामावर राहावें, अशी त्यांची दृष्टि होती. आणि आज पुष्कळ लोक ती मांडणी आनंदानें वापरतात. परंतु ज्यांचे हात जुन्या जागीं जात होते, त्यांस आपल्याच घरांत चांचपडल्यासारखें झालें. खुद्द टॉरवाल्ड्स ह्यांनींहि त्या मांडणीवर जाहीर टीका करून एक्सएफसीईचा आश्रय घेतला. कांहीं काळानें ते ग्नोमकडे परत आले ही गोष्ट निराळी.

ह्यानंतर जें घडलें, तें ह्या प्रणालीच्या स्वभावास धरून झालें. त्याच वर्षीं अर्जेंटिनांतील एका वापरणाऱ्यानें जुन्या ग्नोमची मूळ संहिता घेऊन ती नव्या नांवानें पुढें चालविण्याचें ठरविलें. त्या मांडणीचें नांव 'माते'. आपल्याकडे हा शब्द ऐकून कोणास वात्सल्याचें संबोधन आठवल्यास नवल नाहीं. परंतु हें नांव दक्षिण अमेरिकेंत चहासारखें पितात अशा एका वनस्पतीच्या पेयावरून घेतलें आहे. तिकडे 'लिनक्स मिंट' ह्या वितरणाच्या चालकांनीं नव्या ग्नोमच्या पायावरच जुन्या वळणाची 'सिनॅमन' ही मांडणी उभी केली. उबुंटू ह्या लोकप्रिय वितरणानें त्याच एप्रिल महिन्यांत संगणकांवर 'युनिटी' ही स्वतःची मांडणी मुख्य म्हणून आणली, आणि साडेसहा वर्षांनीं, २०१७ च्या ऑक्टोबरांतील आवृत्तींत, ती बाजूस ठेवून ग्नोमचा स्वीकार केला. ह्यांपैकीं कोणासहि कोणाची परवानगी मागावी लागली नाहीं. संहिता खुली होती. ज्याला जुनें हवें त्याला तें जतन करण्याचा हक्क होता.

हक्क होता, परंतु तो फुकट नव्हता, हेंहि येथेंच सांगितलें पाहिजे. 'माते' जुनी दिसावी म्हणून तिच्या कर्त्यांस तिचें अंतरंग वर्षानुवर्षें बदलावें लागलें. ज्या जुन्या साहित्यावर ती उभी होती, तें कालबाह्य होत चाललें. तेव्हां एकेक भाग नव्या साहित्यावर आणावा लागला, आणि २०१७ च्या मार्चांत निघालेल्या १.१८ ह्या आवृत्तींत तें काम पुरें झालें. वापरणाऱ्यास पट्ट्या होत्या तेथेंच दिसल्या. त्यांच्या खालचें वासे-तुळयांचें लांकूड मात्र सारें नवें झालें होतें. जुना वाडा नुसता मायेनें उभा राहत नाहीं, हें ज्यांनीं वाड्याची दुरुस्ति केली आहे त्यांस वेगळें सांगावयास नको.

आतां घरांतील गोष्टीकडे वळूं. आमच्या घरीं माजघरांत एक संगणक आहे आणि तो सर्वांचा आहे. त्यावर सर्वांत अधिक वेळ बसणारी व्यक्ति म्हणजे माझ्या वहिनी. त्यांचें वय चौऱ्याहत्तर. तीन वर्षें खपून त्यांनीं घराण्याच्या चार पिढ्यांची वंशावळ, श्राद्धतिथींची नोंद आणि मसाल्या-लोणच्यांचीं प्रमाणें स्वतःच्या हातानें मराठींत टंकून ठेविलीं आहेत. यंत्रावर 'माते' ही मांडणी होती. तिच्या दोन पट्ट्यांशीं वहिनींच्या बोटांची मैत्री जुळली होती. दिवाळीच्या सुटींत त्या बहिणीकडे सांगलीस गेल्या असतां त्यांच्या नातवानें, जो अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षांत आहे, नवी ग्नोम मांडणी बसविली आणि यंत्र सुरू होतांच तीच उघडेल अशी योजना केली. ती अधिक स्वच्छ दिसते असें त्याचें म्हणणें होतें, आणि तें खोटेंहि नव्हतें.

वहिनी परत आल्या, एकदां यंत्रापाशीं बसल्या आणि उठल्या. तक्रार त्यांनीं कांहींच केली नाहीं. पंधरा दिवस त्या तिकडे फिरकल्या नाहींत, आणि घरांत पंधरा माणसें वावरत असून हें कोणाच्या ध्यानांत आलें नाहीं. पुढें एके दिवशीं गुरुजींचा तिथि विचारण्यासाठीं फोन आला, तेव्हां वहिनी कपाटांतून जुनी, कडा झिजलेली वही काढूं लागल्या. नातू म्हणाला, "आजी, वही कशाला? तूं सगळें संगणकावर लिहिलें आहेस ना?"

वहिनी म्हणाल्या, "आहे रे बाबा. पण माझा ओटा कोणी तरी आवरून ठेवला आहे. डबे घरांतच असतील. मला मात्र मीठ सांपडत नाहीं."

मुलाची एक गोष्ट मला आवडली. "नवें शिकून घे, सोपें आहे," असें तो म्हणाला नाहीं. त्यानें जुनी मांडणी काढून टाकली नव्हती. ती तशीच शेजारीं होती. त्यानें घरांतील प्रत्येकाच्या नांवें निराळें खातें काढलें, जुन्या खात्यावर आजीचें नांव घालून त्यास 'माते' जोडली आणि स्वतःच्या खात्यास ग्नोम. काम थोड्या मिनिटांचें होतें. दुसऱ्या दिवशीं सकाळीं वहिनी पुन्हां यंत्रापाशीं बसलेल्या दिसल्या. पुढें दोन महिन्यांनीं त्यांनीं आपण होऊन नातवास विचारलें, "तुझ्याकडे अक्षरें मोठीं दिसतात, तीं मला मिळतील का?" त्यानें त्यांच्याच मांडणींत अक्षरें मोठीं करून दिलीं. नव्यांतील जें त्यांस हवें होतें, तेवढें त्यांनीं मागून घेतलें.

ह्यावरून एक विचार सुचतो तो असा. हातांची संवय ही वर्षांनीं साठविलेली मिळकत असते. पण ती कोणत्याहि दप्तरांत नोंदलेली नसल्यामुळें ती दुसऱ्याच्या हातून सहज खर्ची पडते. "फाइली तर सर्व सुरक्षित आहेत!" असें तरुण म्हणतात, आणि तें खरें असतें. परंतु फाइल सुरक्षित असणें आणि ती माणसाच्या हातीं लागणें ह्या दोन गोष्टी आहेत. उलटपक्षीं, वडील माणसांनींहि "ह्या यंत्रास हात लावूं नको" असा दंडक घालणें युक्त नाहीं. नवें करून पाहिल्यावांचून तरुणांची बुद्धि वाढणार कशी? एकत्र कुटुंबांत एका चुलीवरून पुष्कळ कुरबुरी होतात, कारण चूल एक असते. येथें तसें नाहीं. एका छपराखालीं, एकाच यंत्रावर, प्रत्येकास आपापला ओटा मिळूं शकतो. मग एकानें दुसऱ्याचा ओटा आवरण्याचें कारणच काय?

ज्यांस मांडणी बदलावयाची आहे, त्यांच्या सोयीसाठीं कांहीं व्यवहाराच्या सूचना देतों.

पहिली सूचना अशी कीं, बदल कशासाठीं हवा तें आधीं ठरवावें. यंत्र मंद चालत असेल तर हलकी मांडणी घेण्यांत अर्थ आहे. डोळ्यांस त्रास होत असेल तर अक्षरें वाढवून भागतें. केवळ कंटाळा आला असेल तर मागचें चित्र बदलून पाहावें; पुष्कळदां तेवढ्यानेंच समाधान होतें.

दुसरी, बसविण्यापूर्वीं पाहावें. बहुतेक वितरणें पेनड्राइव्हवर घालून, यंत्रांतील कशासहि हात न लावतां, चालवून पाहतां येतात. अर्धा तास त्यावर पत्र लिहावें, एखादें छायाचित्र उघडावें, आणि मग मत बनवावें.

तिसरी, नवें शेजारीं बसवावें, जुनें काढूं नये. महत्त्वाच्या कागदांची एक प्रत दुसऱ्या तबकडीवर ठेवून मग वितरणाच्या सॉफ्टवेअर-भांडारांतून नवी मांडणी मागवावी. बसवितांना कधीं कधीं प्रवेशाचा पडदा कोणत्या मांडणीचा ठेवावा, असा प्रश्न यंत्र विचारतें. न कळल्यास जो चालू आहे तोच ठेवावा. पुढें परवलीचा शब्द देतेवेळीं त्या पडद्यावर एक लहान दांतेरी चाक किंवा यादी दिसते. तींत दोन्ही मांडण्यांचीं नांवें असतात. जी निवडाल ती उघडते, आणि नाहीं आवडली तर बाहेर पडून जुनी निवडतां येते.

चौथी, प्रयोगासाठीं निराळें खातें काढावें. प्रत्येक मांडणी आपल्या आवडी-निवडी 'होम' मधील दडलेल्या कप्प्यांत लिहून ठेवते. एकाच खात्यांत दोन मांडण्या आलटून पालटून वापरल्या तर एकीचे रंग व चिन्हें दुसरींत मिसळतात. शिवाय यादींत एकाच कामाचीं दोन दोन साधनें दिसूं लागतात. हें पाहून घाबरूं नये, तीं केवळ दोन्ही घरांची भांडीं आहेत.

पांचवी सूचना मराठी लिहिणाऱ्यांसाठीं. ग्नोममध्यें मराठी टंकलेखनाची सोय मांडणीशींच जोडलेली असते. इतर मांडण्यांत, विशेषतः उच्चाराप्रमाणें टंकणाऱ्यांस, ती स्वतंत्रपणें लावून घ्यावी लागते. तेव्हां नव्या मांडणींत पहिल्या दिवशींच 'ज्ञ', 'ऱ्या' आणि 'ॐ' उमटतात कीं नाहीं तें पाहून घ्यावें.

सहावी, निर्णयास पंधरा दिवसांची मुदत द्यावी. पहिले दोन दिवस सर्वच नवें गैरसोयीचें वाटतें. त्यानंतरहि जुनी मांडणी काढावयाचीच असेल, तर काय काय निघून जाणार त्याची यादी यंत्र दाखवितें. ती शेवटपर्यंत वाचल्याशिवाय होकार देऊं नये, कारण दोन्ही मांडण्यांस लागणारी एखादी वस्तु तींत असूं शकते.

कोणती मांडणी कोणास मानवेल, ह्याचा ठोकताळा असा देतां येईल. ज्यांस पडदा रिकामा आणि निवांत हवा, त्यांनीं ग्नोम पाहावी. ज्यांस प्रत्येक गोष्ट आपल्या मनाप्रमाणें फिरवून घेण्याची हौस आहे, त्यांस केडीईची 'प्लाझ्मा' आवडेल. विंडोजवरून नुकतेच आलेल्यांस सिनॅमन ओळखीची वाटेल. यंत्र जुनें आणि स्मृति थोडी असल्यास एक्सएफसीई. आणि वहिनींप्रमाणें दोन पट्ट्यांचें जुनें वळण हवें असल्यास माते.

असो. ह्या महिन्यांत ज्यांच्या घरीं असा बदल होणार असेल, त्यांनीं त्या यंत्रापाशीं सर्वांत अधिक वेळ बसणाऱ्या माणसास आधीं विचारावें. त्यानें होकार दिला तर त्याच्या शेजारीं बसून, त्याच्या डोळ्यांदेखत बदल करावा. त्यानें नको म्हटलें तर दुसरें खातें काढावें. त्यास पांच मिनिटेंहि लागत नाहींत.